बेरमेतच्या वाट्याची रोटी

मी एक जुनी रोटी आहे. हसू नका, मित्रांनो! जुनी छत्री, जुना रेडिओ, पडकी विहीर यांनी आपली कहाणी सुरू केली की तुम्ही गालावर हात ठेवून ऐकता, आणि रोटीने तोंड उघडलं की तुम्हाला हसू फुटतं. रोटीचं आयुष्य ते केवढं, सकाळी भाजली आणि संध्याकाळी संपली, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्या बहिणींचं तसंच झालं, ते मी नाकारत नाही. पण मी एक अख्खं युद्ध पाहिलं आहे आणि त्यानंतरचा तहसुद्धा पाहिला आहे. तोही भिंतीवरच्या खिळ्याला लटकून, म्हणजे घरातल्या सगळ्यांत चांगल्या जागेवरून. आज मला इतका आनंद झालाय की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. तरी क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

माझा जन्म सरिजूय गावात, हमरोबीबीच्या अंगणातल्या तंदुरात झाला. हमरोबीबीच्या हातची रोटी म्हणजे काय चीज असते, ते आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारा. काठ गुबगुबीत, मधला भाग पातळ, त्यावर ठशाने टोचून उमटवलेलं फूल आणि फुलावर कलौंजीचे काळे दाणे. ती हाताला जाडजूड गादी बांधायची, तिच्यावर आम्हाला निजवायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तापलेल्या भिंतीवर चापकन थापायची. मग वरून मिठाच्या पाण्याचा शिपका! त्या शिपक्याने अंगावर जो रंग चढतो तो दुसऱ्या कशानेही चढत नाही. त्या दिवशीच्या रोट्यांत सगळ्यांत देखणी मीच होते. स्वतःच्या तोंडाने सांगतेय म्हणून नाक मुरडू नका. तंदुराशेजारी बसलेली बेरमेतसुद्धा हेच म्हणाली होती.

बेरमेत कालव्यापलीकडची. सरिजूयमध्ये आम्ही ताजिक, आणि कालवा ओलांडला की कोकतेरेक गाव, तिथे किर्गिझ. मधल्या फळ्यांच्या पुलावर एक देश संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे मुलांना शाळेत शिकवावं लागायचं, कारण नुसतं बघून कळायचं नाही. बाजाराच्या दिवशी बेरमेत साय घेऊन यायची आणि जाताना रोट्या घेऊन जायची. दोघी तरुणपणापासूनच्या मैत्रिणी, आणि तेव्हापासून दोघींची तोंडं सारखी चालू.

"तुझ्या रोट्यांना चव येते ती माझ्या सायीमुळे, हमरो-अपा," बेरमेत म्हणायची. अपा म्हणजे त्यांच्याकडची ताई.

"आणि तुझी ती पातळ साय खपते माझ्या रोट्यांमुळे," हमरोबीबी म्हणायची. "गप बस आणि पीठ मळ."

आता आमच्याकडचे रोटीचे कायदे तुम्हाला सांगायला हवेत, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे रोटी पालथी ठेवत नाहीत. जमिनीवर ठेवत नाहीत. टाकणं तर सोडाच, रस्त्यात तुकडा दिसला तरी उचलतात, कपाळाला लावतात आणि उंचावर ठेवतात. शिळे तुकडे पोत्यात साठवतात आणि भिजवून जनावरांना घालतात. आणि सगळ्यांत मोठा कायदा असा, की घरातलं माणूस फौजेत किंवा धोक्याच्या वाटेला निघालं, तर त्याला नव्या रोटीचा एक घास चावायला लावतात. उरलेली रोटी भिंतीवर टांगतात. ती त्या माणसाच्या वाट्याची. परत येऊन त्यानेच ती संपवायची, तोवर दुसऱ्या कुणी तिला तोंड लावायचं नाही. वाट्याला आलेलं अन्न माणसाला घराकडे ओढतं, असं आमच्याकडे मानतात.

मी तंदुराच्या भिंतीवर फुगत होते, तेव्हाच वरच्या अंगाला, कालव्याचं पाणी सोडायच्या दारावर दोन्ही गावांची माणसं समोरासमोर उभी होती. वसंतात पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून दरवर्षी बाचाबाची व्हायची. त्या वर्षी बाचाबाचीवर भागलं नाही. आधी दगड आले, मग बंदुका आल्या आणि मग दोन्हीकडचं सैन्य आलं. सुरुवात कुणी केली ते मला विचारू नका. इकडे विचारलंत तर तिकडच्यांनी, तिकडे विचारलंत तर इकडच्यांनी.

पहिला धडाका झाला तशी बेरमेत ताडकन उठली. पुलावरून तिचा नवरा तिला हाका मारत होता.

"निघते गं मी, अपा!"

"थांब!" हमरोबीबीने गादी न बांधताच हात आत घातला आणि मला ओढून काढलं. "चाव हिला."

"वेड लागलं का तुला? गोळ्या चालल्यात!"

"म्हणूनच सांगतेय, चाव!"

"अगं, तोंड भाजेल माझं!"

"भाजू दे. चाव म्हणते ना!"

बेरमेतने चावलं. मित्रांनो, मला काही दुखलं नाही, ती मात्र कळवळली. घास या गालातून त्या गालात फिरवत, डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसत ती धावत सुटली. पुलावर पोचल्यावर तिने एकदा वळून हात केला. थोड्या वेळाने त्या पुलाच्या फळ्या हवेत उडालेल्या मी पाहिल्या.

हमरोबीबीचा मुलगा परदेशी कामाला गेलेला. घरात ती आणि तिची सून मावजुदा, दोघीच. गाव सोडायची वेळ आली तेव्हा मावजुदाने रजया बांधल्या, भांडी बांधली. हमरोबीबीने मला शालीत गुंडाळलं आणि छातीशी धरलं. ट्रकमध्ये सगळे कोंबून बसले होते, पण मला कुणाचा धक्का लागू नये म्हणून ती रस्ताभर कोपर बाहेर काढून बसली.

शहरातल्या एका शाळेत आमची सोय झाली. तिथे मला जो मान मिळाला, काय सांगू! बायका यायच्या, मला बोटांनी हलकेच शिवायच्या आणि बोटं कपाळाला लावायच्या. मी फुलून गेले होते. मग एकीने विचारलं, "मुलगा फौजेत आहे का, बीबी? कुठल्या आघाडीवर?"

"मुलगा नाही," हमरोबीबी म्हणाली. "मैत्रीण आहे माझी. कोकतेरेकची."

शेजारच्या बाईने आपली गादी हळूच ओढून लांब घेतली. हमरोबीबीने मला पुन्हा शालीत गुंडाळलं. खरं सांगते, मित्रांनो, मला त्या क्षणी वाटलं, मी एखाद्या शिपायाची रोटी असते तर किती बरं झालं असतं.

तोफा थांबल्या तेव्हा आम्ही गावी परतलो. खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या, छपराला एका बाजूने भोक पडलं होतं, पण तंदूर शाबूत होता. हमरोबीबीने आधी भिंतीत खिळा ठोकला, मला सुतळीत ओवून टांगलं, आणि मग कुठे घराकडे बघायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे खोलमत-बोबो, म्हणजे खोलमत आजोबा, आले. त्यांची आणि आमची अंगणं पाठीला पाठ लावून आहेत, मधे फक्त मातीची भिंत. युद्धाआधी रोज संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला यायचे आणि चहाला नावं ठेवत तीन वाडगे पिऊन जायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा नुसरत गणवेश घालून आघाडीवर गेला होता. तो परत आला नव्हता. बोबोंनी आत पाऊल टाकलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हमरो, ते काय टांगलंयस?"

"रोटी आहे, बोबो."

"कुणाची ते ठाऊक आहे मला. उतरव."

"उतरवते. उतरवून ठेवू कुठे?"

"टाक कुठेही!"

हमरोबीबीने मला खिळ्यावरून काढलं आणि दोन्ही हातांवर त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. तुम्ही टाका."

बोबोंनी हात बाहीत ओढून घेतले. "मग पाखरांना घाल."

"माणसाच्या वाट्याची आहे. माझ्याने नाही व्हायचं. तुम्हाला होत असेल तर घाला."

"हमरो, त्यांनी माझा पोरगा नेला गं!"

"ठाऊक आहे मला," हमरोबीबी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "नुसरतला मी या मांडीवर खेळवलंय. पण बेरमेतने नाही नेला त्याला."

"त्यांच्यातलीच ना ती? मग झालं."

बोबो उलट्या पावली गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. गल्लीतून जाताना ते आमच्या दाराकडे बघायचेही नाहीत. हमरोबीबी मात्र दर वसंतात शिळ्या तुकड्यांचं पोतं त्यांच्या दारात नेऊन ठेवायची, त्यांच्या मेंढ्यांसाठी. ती काही बोलायची नाही आणि तेही काही बोलायचे नाहीत, पण पोतं आत घ्यायचे.

मग माझे वाईट दिवस आले. कालव्याच्या काठाने काटेरी तारा लागल्या. पलीकडे फोन लागेना. लागला तरी कुणी उचलेना. कोकतेरेकची कालव्याकडची घरं जळाली असं कानावर आलं, आणि बेरमेतचं घर तिथेच होतं. ती आहे की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. माझा रंग उडाला, अंगावर धूर बसला, कलौंजीचे दाणे एकेक करून गळाले. पाहुणे आले की मावजुदा माझ्यावर पडदा ओढायची. ती वाईट नव्हती हो, पण तरुण होती, लोकांच्या बोलण्याला भ्यायची.

"आई, दगड झालाय हिचा," ती धूळ झटकताना म्हणायची. "खाली कुणी बसलं आणि डोक्यात पडली, तर आणखी एक युद्ध होईल."

"तू खाली बसू नकोस म्हणजे झालं," हमरोबीबी म्हणायची.

पण घरात कुणी नसलं की ती माझ्यासमोर उभी राहायची आणि त्या चावलेल्या कडेवर अंगठा फिरवायची. "आहेस ना गं?" असं विचारायची. हा प्रश्न मला नसायचा हे मला कळायचं. तरी मी मनातल्या मनात ओरडून सांगायची, आहे, आहे, नक्की आहे! मला तरी काय ठाऊक होतं? पण तिला दुसरं काय सांगणार?

आणि मग, मित्रांनो, यंदाचा वसंत आला! जर्दाळूची झाडं फुलली आणि त्याच आठवड्यात बातमी आली की तह होणार. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग टीव्हीवर दाखवलं. लांबलचक टेबल, दोन झेंडे, दोन्ही देशांची मोठी माणसं शेजारी शेजारी बसलेली. आमच्या घरात ही गर्दी! मला पडद्याआड काही दिसेना, मी तर रडकुंडीला आले. शेवटी हमरोबीबीने उठून पडदा बाजूला केला, सगळ्यांदेखत. सह्या झाल्या, वह्या इकडच्या तिकडे गेल्या, पुन्हा सह्या झाल्या, हात मिळाले. तारा निघणार, पूल बांधणार, पाणी पाळीपाळीने सोडणार! मावजुदा उड्या मारायला लागली. हमरोबीबीने ओढणीत तोंड लपवलं. भिंतीपलीकडे खोलमत-बोबोंच्या टीव्हीचा आवाज मात्र मधेच बंद झाला, तो मी ऐकला.

पूल उघडायचा दिवस ठरला आणि गावाला वारं लागलं. घराघरांत चुना, घराघरांत पीठ. कर्णे वाजवणारे कालव्यावर तालीम करायला लागले. हमरोबीबीने एवढ्या रोट्या लावल्या की तंदुराला दम लागायची पाळी आली. "आली तर?" ती म्हणायची. लगेच म्हणायची, "येईलच." आणि मला ते ऐकून इतकं काही होत होतं की मी सुतळीवर झुलायला लागते की काय अशी भीती वाटत होती.

आणि अशा आनंदात घोटाळा झाला. त्या दिवशी सकाळी मावजुदा माझ्या भिंतीला चुना द्यायला आली. तिने मला खिळ्यावरून काढलं. आता ठेवायचं कुठे? जमिनीवर ठेवायचं नाही. पाटावर चुन्याची बादली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दाराशी शिळ्या तुकड्यांचं पोतं होतं, तोंडापर्यंत भरलेलं. रोटीची जागा रोट्यांवर, यात काही चूक नाही. तिने मला अगदी उताणी, नीट त्यावर ठेवलं. चुना दिला. तेवढ्यात कालव्यावर कर्णे वाजले, खरेखुरे, आणि मावजुदा ब्रश तसाच टाकून पळाली.

हमरोबीबी बाहेरून घाईघाईने आली. दाराशी पोतं दिसलं. बोबोंकडे द्यायचं राहिलंय हे तिला आठवलं. पाहुणे येणार, दार मोकळं हवं. तिने वर काय आहे ते न बघता पोत्याचं तोंड दोरीने आवळलं आणि फरफटत ते बोबोंच्या दारात नेऊन ठेवलं. मी आत होते! मी किती ओरडले! पण आमचं ओरडणं ऐकू कुणाला येतं?

खोलमत-बोबो घरीच होते. सगळं गाव पुलाकडे गेलेलं आणि ते मेंढ्यांपाशी. त्यांनी दोरी सोडली आणि पोतं दगडी कुंडीत रिकामं केलं. मी सगळ्यांत वर पडले, गळ्यात सुतळी आणि कडेला तो चावा. पाण्याची बादली उचललेला त्यांचा हात थांबला.

"अरे," ते म्हणाले. "तू होय."

त्यांनी मला उचललं. आजूबाजूला कुणी नव्हतं. माझ्या लक्षात आलं, यांनी फक्त हात सोडायचा अवकाश आहे. टाकल्याचं पाप नाही, पाखरांना घातल्याचं नाही. मेंढ्या खातील, आणि दोष लागलाच तर घाईला लागेल. एक मेंढी पुढे येऊन माझा वास घेऊ लागली. बोबोंनी तिला हाकललं नाही. मलाही खाली ठेवलं नाही. ते नुसते उभे राहिले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मावजुदाची किंकाळी आली. "आई! आल्या! बेरमेत-अपा आल्या!"

मित्रांनो, माझा जीव असा वर आला की पुन्हा तंदुरात फुगतेय असं वाटलं. ती जिवंत होती!

"आत ये ना गं," हमरोबीबीचा आवाज आला. "दारात काय उभी राहिलीस?"

"नाही येत." तो आवाज बेरमेतचाच होता, पण कोरडा. "एवढंच सांगायला आले, की माझी वाट बघू नकोस. ती रोटी उतरवून टाक. मला मोकळं कर."

"असं काय बोलतेस?"

"माझं घर जळलं, अपा. तुमच्या बाजूने गोळे आले. आम्ही तंबूत राहिलो, आणि त्याच हिवाळ्यात माझा माणूस गेला. आता मी तुझ्या घरी बसून खाऊ? कुठल्या तोंडाने खाऊ? माझे लोक काय म्हणतील?"

हमरोबीबी रडत होती. "माझे लोक काय काय म्हणाले ते मी ऐकलंच की. तू आत ये. तुझा वाटा बघ, अजून खिळ्यावर आहे. ये, बघ तरी."

पावलं वाजली. मग हमरोबीबीचा आवाज असा आला, की मी तिचा तसा आवाज युद्धातही ऐकला नव्हता.

"मावजुदा! रोटी कुठंय?"

मावजुदा ततपप करायला लागली. पोत्यावर ठेवली म्हणाली. कुठलं पोतं? दारातलं. दारातलं पोतं तर...

"राहू दे, अपा," बेरमेत म्हणाली. "कशाला शोधतेस? नसली तर नसली. टीव्हीवरचा तहसुद्धा असाच असेल. तोंडदेखला. जाते मी."

खोलमत-बोबोंनी मला छातीशी, अंगरख्याच्या आत सारलं आणि ते धावले. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला धावताना पाहिलंय का? मी आतून ऐकलं. एक पाऊल पडायचं, एक घसरायचं, आणि काळीज माझ्या अंगावर धडधड आपटायचं. गल्लीच्या टोकाशी त्यांनी तिला गाठलं.

"ए, बेरमेत!"

ती वळली. त्यांना ओळखून एक पाऊल मागे सरली. मागून हमरोबीबी आणि मावजुदा धावत येत होत्या. बोबोंनी मला बाहेर काढलं.

"हमरोने नाही टाकली," ते धापा टाकत म्हणाले. "मेंढ्यांच्या पोत्यातून माझ्याकडे आली. चुकून आली."

बेरमेत माझ्याकडे बघतच राहिली. किती म्हातारी झाली होती ती! सगळे केस पांढरे, गाल आत गेलेले. आणि तिच्या डोळ्यांत मला माझा तो चावा दिसला.

"तुमच्याकडे आली होती," ती हळू म्हणाली. "मग घालायची की मेंढ्यांना. तुमच्या नुसरतचं मला कळलंय, बोबो. मी तुम्हाला दोष दिला नसता."

"घालणार होतो."

"मग?"

"माझ्या घरातही एक टांगलेली आहे," ते म्हणाले. "नुसरतची. त्याच्या आईने चावायला लावली होती. लहानसाच चावा आहे, त्याला उशीर होत होता. ती आता कुणी खायची? मला सांग, कुणी खायची? मी रोज बघतो तिच्याकडे. हिची मालकीण तर दारात येऊन उभी आहे. तिला तसंच जाऊ देऊ?"

त्यांनी मला तिच्या हातांवर ठेवलं आणि ते वळले. बेरमेतने त्यांची बाही पकडली. मग काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण हमरोबीबी येऊन दोघांना मिळून बिलगली आणि मी मधे चेंगरले. मोडले नाही हे नशीब! इतकी वर्षं कडक झाले त्याचा हा उपयोग.

आता आम्ही हमरोबीबीच्या अंगणात आहोत. पुलावर कर्णे वाजतायत, पण इकडे कुणाचं लक्ष नाही. बेरमेतने मला चावून पाहिलं आणि ती हसतच सुटली.

"अपा, मला दात राहिलेत कुठे? ही खायला कोकतेरेकहून घण आणावा लागेल!"

"चार वर्षं उशिरा येतेस आणि वर नखरे करतेस," हमरोबीबी म्हणाली. तिने लगेच शीरचाय चढवली. दूध, लोणी आणि मीठ घातलेला तो आमचा चहा. वाळक्या रोट्यांचा मोक्ष त्यातच असतो. मावजुदाने मला मोडायला वरवंट्यासारखा दगड आणला, आणि माझे तुकडे वाडग्यात पडले. मला जराही वाईट वाटलं नाही. यासाठीच तर माझा जन्म होता.

बेरमेतने एक वाडगा खोलमत-बोबोंपुढे सरकवला.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या वाट्याची आहे."

"माझी आहे ना? मग कुणाला द्यायची ते मी ठरवणार."

बोबो वाडग्याकडे बघत बसले. मावजुदा चहाची किटली धरून तशीच उभी होती. माझा एक तुकडा त्या वाडग्यात होता आणि तो हळूहळू मऊ होत होता. टीव्हीवर सह्या होताना मला जी धाकधूक वाटली, ती याच्यापुढे काहीच नव्हती.

बोबोंनी वाडगा उचलला. एक घोट घेतला, माझा तुकडा जिभेवर घेतला, बराच वेळ घोळवला आणि गिळला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

हमरोबीबी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "बघा, आले आणि नावं ठेवायला लागले!"

"उद्या तुमच्याकडे येते, बोबो," बेरमेत म्हणाली. "मीठ तुम्ही घाला. आपण नुसरतच्या रोटीखाली बसून पिऊ."

बोबोंनी मान डोलावली. "ये," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, माझा शेवटचा तुकडा बेरमेतच्या वाडग्यात आहे आणि तिने चमचा हातात घेतलाय, तेव्हा मला फार वेळ नाही. रोटी टाकू नका, पालथी ठेवू नका, एवढं तर तुम्ही कराच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरी कुणासाठी ताट झाकून ठेवलेलं असेल, तर तो माणूस भांडून गेला म्हणून ते उचलून टाकू नका. परत येईल त्याला पोटभर वाढा. आणि ज्यांचा माणूस आता कधीच येणार नाही, त्यांच्या घरी जा आणि त्या झाकलेल्या ताटापाशी त्यांच्यासोबत थोडा वेळ बसा.